इथून ओके आहे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि देवाला काही सांगायची मला सवय नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्यासमोर बसून, मान हलवून, ‘होतं हो असं, ताई’ म्हणायची सोय तुम्हाला नाही. असल्या मान हलवणाऱ्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे.

शहाद्यात केबलच्या कंट्रोल रूममध्ये मी अठरा वर्षं बसते. गच्चीवर डिश, खाली यंत्रांची चार कपाटं, आणि माझ्यासमोर भिंतीवर एक मोठा पडदा. पडद्यावर प्रत्येक चॅनेलचा पत्त्याएवढा चौकोन. चित्र नीट चालू असलं की चौकोनाला हिरवी कड असते. चित्र थांबलं, काळं पडलं, आवाज गेला, की कड लाल होते. मग उठायचं, त्या चॅनेलचं यंत्र बघायचं, बंद करून चालू करायचं, मागची वायर खोचायची, आणि परत येऊन ‘क्लिअर’ दाबायचं. शेजारी दुसरा, लहान पडदा आहे. गावोगावी खांबांवर आमच्या पेट्या आहेत, नोड म्हणतात त्यांना. इथून काचेच्या तारेतून गेलेलं चित्र त्या पेटीत उतरतं आणि तिथून साध्या केबलने घरोघर जातं. त्या पेट्यांचे आकडे लहान पडद्यावर दिसतात.

आणि दिवसभर फोन. “ओ ताई, टीव्ही बंद शे, काय करी ऱ्हायनात तुम्ही?” मी काय करी ऱ्हायनी! तुमच्याच पोराने रिमोट आपटला, तुमच्याच सुनेने पोछा मारताना वायर उपटली, आणि मी शहाद्यात बसून काय करते ते मला विचारता? एकाने तर पाऊण तास भांडून शेवटी सांगितलं की घरात लाईटच नाही. अशा सगळ्यांसाठी माझ्याकडे एक वाक्य होतं — अजूनही आहे. इथून ओके आहे. म्हणजे माझ्या भिंतीवर हिरवं आहे; तुमचं तुम्ही बघा. हे वाक्य बोलताना मला बरं वाटायचं. का नाही वाटणार? दिवसातून चाळीस वेळा समोरच्याला मूर्ख ठरवायला मिळतं, आणि कामच ते असतं.

लाइनमन लोकांची मला आणखी चीड. गिऱ्हाईकं परवडली. खांबाखालून फोन करायचे आणि सुरुवात कुठून, तर सकाळी गाडी पंक्चर झाली इथून. मग कुणाचं शेत, कुणाची म्हैस, आणि दोष शेवटी. मी तक्ता केला. दोषांची नावं ठरवून दिली — काळं, थांबलं, चौकटी, मुका, मुंग्या. फोन केला की नोडचं नाव सांगायचं आणि तक्त्यातला एक शब्द. गोष्टी सांगायच्या नाहीत. अहिराणीत बोलायचं नाही, नीट मराठीत बोलायचं. तक्त्याला प्लास्टिकचं आवरण करून प्रत्येकाच्या हातात दिला. पुढे सगळीकडे सेट-टॉप बॉक्स आले आणि ‘मुंग्या’ मी लाल पेनाने खोडला. जुन्या टीव्हीवर ठिपके वळवळायचे त्याला लोक मुंग्या म्हणायचे, तुम्हाला आठवत असेल. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. चित्र एक तर स्वच्छ असतं, नाही तर चौकटी-चौकटींनी तुटतं, नाही तर नसतं.

दुसरा नियमही माझाच. मला विचारल्याशिवाय नोडची पेटी कुणी उघडायची नाही. पेटीत वीज असते, ती मी इथून बंद करायची, मग उघडायची. एकाने पेटी उघडी टाकून पावसात भिजवली होती, म्हणून केला. चांगला नियम होता. मी केलेले सगळे नियम चांगलेच होते.

नदीकाठच्या प्रकाशा गावच्या नोडवर सायसिंग पावरा होता. तोरणमाळच्या बाजूचा आदिवासी, पन्नाशी ओलांडलेला, बारा-तेरा वर्षांपासून प्रकाशात राहणारा. तिथली अर्धी केबल त्याने स्वतः ओढलेली. घरात पावरी, बाजारात अहिराणी, आणि माझ्याशी — माझ्या नियमाप्रमाणे — मराठी. मराठी त्याची तिसरी भाषा. एकेक शब्द उचलून, तपासून ठेवायचा. मध्ये इतका वेळ जायचा की मी फोन कानाला लावून दुसरं काम करायचे. माझ्याहून निदान आठ वर्षांनी मोठा. पंचविशीतल्या पाटलाच्या पोराला मी ‘दादा’ म्हणायचे आणि याला ‘अरे सायसिंग’. हे मला खटकलं होतं का? नाही. कुणालाच खटकलं नव्हतं.

आणि एक सांगते, कारण ते लागणार आहे. सायसिंग पीत नव्हता. गळ्यात माळ होती. त्याच्या मूळ गावी दारू सोडलेल्यांची बैठक भरते. दर पंधरवड्याला तो डोंगर चढून जायचा आणि त्या बैठकीत पुढे बसायचा. लोकांना शपथ द्यायचा मान त्याचा होता. हे मला माहीत होतं. ऑफिसात सगळ्यांनाच माहीत होतं. दिवाळीला बाकीचे लाइनमन कुठे तरी बसायचे तेव्हा हा चिवडा घेऊन घरी जायचा, म्हणून त्याची चेष्टा व्हायची.

चार वर्षांपूर्वीची महाशिवरात्र. प्रकाशाला यात्रा. आमच्या शेठने — केबलच्या मालकाला सगळे शेठ म्हणतात — त्या वर्षी घाटावरून दुपारच्या आरतीचं थेट प्रक्षेपण करायचं ठरवलेलं. आमच्या लोकल चॅनेलवर. मंदिराजवळ मंडप, मंडपात मोठा टीव्ही, समोर तालुक्यातली चार वजनदार माणसं. शेठला हौस कसली? समोर जे चाललंय तेच टीव्हीत बघायचं, आणि शेजारी बसलेल्याला दाखवायचं. लोकांच्या हौसेला काही अर्थ असतो असं मी कधी धरलेलं नाही.

आदल्या दिवशी सकाळी सायसिंगचा फोन आला.

“ताई. प्रकाशा नोड. मुंग्या.”

मी हसले. खरंच हसू आलं. “अरे सायसिंग, कुठल्या जमान्यात आहेस? मुंग्या गेल्या. तक्ता बघ. चौकटी म्हणायचंय का?”

“चौकटी नाही. मुंग्या.” मग घाईघाईने, अहिराणीत — “टीव्हीमा नही, ताई —”

“मराठीत. इथून ओके आहे.” आणि ठेवला.

फोन ठेवून मी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. बिलिंगच्या मुलीला, दुरुस्तीच्या दोघांना, शेठलाही. डिजिटलमध्ये मुंग्या! दिवसभर पुरलं. कुणाचा फोन वाजला की कुणी तरी म्हणायचं, “दखा, मुंग्या उन्यात का?” शेठ तर पोट धरून हसला. मला ऑफिसात विनोदी कुणी समजत नाही. त्या दिवशी समजले.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? ऐकण्यात चूक झाली. मीही बरेच दिवस स्वतःला इथेच थांबवत होते. पण आदल्या दिवसापासूनच लहान पडद्यावर प्रकाशाच्या नोडचा आकडा पिवळा होत होता. पेटीला साठ व्होल्ट जातात. ते पन्नासवर उतरायचे, परत चढायचे. पिवळं झालं की मी क्लिअर दाबायचे. क्लिअरने रंग जातो. दोष राहिलेला असला तर पाच-दहा मिनिटांनी रंग परत येतो. तो येत होता. मी दाबत होते. तेव्हाही चौदा वर्षं हेच काम केलेल्या बाईला याचा अर्थ कळत नव्हता?

आणि दुसरा फोन.

महाशिवरात्रीच्या सकाळी नऊला. मागे यात्रेचा गोंगाट. त्याने वाक्य बांधून आणलेलं होतं — रात्रभर घोकलं असणार, असं ते मोजून-मापून आलं. “ताई, खऱ्या मुंग्या. लाल. पेटीच्या आत घर केलं. तुम्ही वीज बंद करा. मी उघडून झाडतो. वीस मिनिटं.”

कळलं. तुम्हाला आता जितकं कळलं तितकंच मला तेव्हा कळलं. एका वाक्यात, शुद्ध मराठीत. पेटी गरम असते, थंडीत मुंग्यांना ती आवडते. केबल आत जाते तिथलं रबर फाटलेलं असलं की त्या शिरतात, अंडी घालतात, आणि मग विजेच्या जोडणीवर चढून मरतात — एकावर एक, जोडणी बंद पडेपर्यंत. त्याच्या पाच वर्षं आधी दुसऱ्या एका नोडवर असंच झालं होतं. त्या पेटीतून काढलेल्या मुंग्या मी स्वतः पाहिल्या होत्या. लहान पडद्यावर तेव्हाही आकडा असाच पिवळा होता.

आरतीला तीन तास होते. वीस मिनिटं सहज निघत होती.

मग का नाही? — कारण बंद करण्याआधी शेठला कळवावं लागलं असतं. मंडपात बसलेल्या शेठला फोन करून सांगायचं, की सायसिंग बरोबर होता, मुंग्या आहेत. काल ज्याच्यावर तुम्ही पोट धरून हसलात, तो बरोबर होता. मग हसायचं कुणाला? मला. त्या डोंगरातल्या माणसाने मला माझ्याच तक्त्यावर धडा द्यावा, आणि तो ऑफिसात सांगितला जावा — हे मला नको होतं. इतकंच कारण आहे. यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं. नाही सापडलं.

मी म्हणाले, “आज काही उघडायचं नाही. इथून ओके आहे.”

तो म्हणाला, “बरं ताई.” आणि त्याने पेटी उघडली नाही. नियम होता ना.

पावणेबाराला प्रकाशाचा आकडा लाल झाला, मग शून्य. माझ्या भिंतीवर आरतीचा चौकोन हिरवाच होता, कारण कॅमेऱ्यातून मंदिराचं चित्र वेगळ्या तारेने इथे येत होतं, उत्तम येत होतं. इथून शहाद्याला जात होतं, गावोगाव जात होतं. फक्त प्रकाशाला परत जात नव्हतं. बाराला आरती सुरू झाली प्रकाशात, आणि सगळ्या तालुक्यात ती दिसत नव्हती ती एकट्या प्रकाशात. मंडपातला मोठा टीव्ही निळा.

शेठचा फोन आला. स्पीकरवर होता, मागे घंटा, माणसं, आणि कुणाचं तरी हसणं.

“प्रकाशाना नोड कोन दखस?”

“सायसिंग.”

“तो म्हनस, ताईले सांगं व्हतं. त्यानी फोन करा व्हता का?”

आता बघा. सायसिंग तिथेच उभा होता, हे मला माहीत होतं. स्पीकरवर मला ऐकत होता. ‘हो’ म्हणाले असते तर पुढचा प्रश्न माझ्यावर होता. ‘नाही’ म्हणाले असते तर फोनची नोंद निघाली असती. मला दोन्ही चालणार नव्हतं. अशा वेळी माणसं घाबरतात, गोंधळतात म्हणतात. मी गोंधळले नाही. मी अगदी थंडपणे विचार केला — एका पावऱ्याविषयी काय सांगितलं की दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही?

“केला होता,” मी म्हणाले. “मुंग्या-मुंग्या करत होता. शब्द अडखळत होते. मला तो प्यायलेला वाटला.”

‘वाटला’ म्हणाले. शब्दसुद्धा असा निवडला की उद्या अंगाशी आलं तर सुटता यावं. एवढी हुशारी मी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवली नाही.

मागे मोठ्याने हसले. शेठ ओरडला, “आज? महादेवना दारमा पीसन उना?” सायसिंगचा आवाज मला ऐकू आला नाही. तो बोललाच नसेल, किंवा शब्द शोधत असेल. नंतर कळलं ते असं — शेठने तिथेच, मंडपात, त्याच्याकडून शिडी आणि कमरेचा पट्टा काढून घेतला. यात्रेला त्याच्या गावचे दोघे आले होते, बैठकीतले. ते पुढच्याच रांगेत उभे होते.

त्या दिवशी दुपारी शहाद्याचा दुसरा लाइनमन पेटी उघडायला गेला. वीज मी बंद केली. त्याने मला फोटो पाठवला. पेटीच्या तळाला दोन बोटं जाड थर, काळपट, लाल, त्यात पांढरी अंडी. तो म्हणाला, “ताई, सायसिंग खरं सांगत व्हता.” मी म्हणाले, “झाडून घे, नवं कार्ड टाक, आणि हे शेठला सांगत बसू नको. आधीच तापलेत.” त्याने सांगितलं नाही. त्याला काय पडलंय? फोटो मी पुसला. मग कॉम्प्युटरवर सायसिंगच्या सकाळच्या फोनची नोंद उघडली आणि शेऱ्यात टाईप केलं — बोलणं असंबद्ध, मद्यपान केल्याचा संशय. वेळ सकाळचीच राहिली. नोंद बंद केली.

तुम्हाला वाटत असेल, नंतर झोप उडाली असेल. नाही उडाली. मी झोपले, जेवले, धाकट्या लेकीची बारावी केली. पश्चात्तापाने वाळत गेलेल्या बायका गोष्टींमध्ये असतात. मी त्या वर्षी चार किलोंनी वाढले.

गेल्या दिवाळीनंतर तो मला दिसला. शहाद्याच्या बस स्टँडवर, गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत. पोती, भांडी, कोयते, कोंबड्यासुद्धा. मी त्याला आधी पाहिलं आणि तोंड फिरवलं. हेही सांगून ठेवते. पण त्याने पाहिलं होतं. उठून जवळ आला. गळ्यात माळ तशीच होती. माझ्याशी आता मराठी बोलायची त्याला गरज नव्हती, तो अहिराणीतच बोलला.

“ताई, बरं शे ना? नोड बरा चालस?”

मी म्हणाले, चालतो.

 मला वाटलं, आता विचारेल. चार वर्षं मी त्या प्रश्नाची उत्तरं तयार ठेवली होती, चांगली तीन-चार. त्याने विचारलंच नाही. तो मलाच समजावू लागला.

“फोनवर मन्हं बोलनं तसंच लागस, ताई. अडकी-अडकी. तुमले तसं वाटनं व्हई. तुमनी चूक नही.”



“काम नको माले,” तो म्हणाला. “पन गावमा बैठकमा माले मांगे बसाडतस. शपथ दुसराच देस. म्हनतस, शहादानी ताई खोटं कशाले बोली? मी पेत नही, ताई. तुम्ही शेठले एक डाव सांगा. शेठ गावले फोन करी दी. बस.”

एवढं मोठं बोलणं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. एकदाही अडखळला नाही.

त्याच्या बायकोने हाक मारली, गाडी लागली होती. मी म्हणाले, “सांगते.” तो म्हणाला, “बरं ताई,” आणि टोळीबरोबर चढला.

त्याला सहा महिने होऊन गेले. ऊसतोडीची माणसं परत आली, त्यांच्या गावात बैठका भरत असतील. शेठ रोज सकाळी साडेदहाला ऑफिसात येतो आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून चहा पितो. कप अर्धा होईपर्यंत आम्ही दोघंच असतो.